बोगद्याने हवा धरली

शर्वरी खटावकरने चालता चालता बोगद्याच्या भिंतीला हात टेकवला आणि लगेच मागे घेतला. बोटांना काहीतरी चिकट लागले होते. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात तिने बोटे एकमेकांवर घासून पाहिली. फणसाचा चीक लागावा तशी ती सुटेनात. सकाळी खाली उतरलो तेव्हा हीच भिंत काचेसारखी गुळगुळीत होती, हे तिला पक्के आठवत होते.

"डॉक्टर, तुमच्या लेपाला घाम फुटलाय," ती म्हणाली.

मागून वाकून चालत येणारे डॉ. इम्तियाज शिकलगार थांबले. एरवी हा माणूस भलता बोलका. सूक्ष्मजीवांवर बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत समोरच्याची सुटका नसे. आज मात्र त्यांनी भिंत पाहिली, तिचा वास घेतला आणि ते गप्प राहिले. ते गप्प राहिले हेच शर्वरीला आवडले नाही.

शर्वरी धामणवेढ्याच्या पाणीपुरवठा विभागाची कार्यकारी अभियंता. डोंगरातल्या उंबरतळ्याचे पाणी या जुन्या बोगद्याने गावात येई. येई म्हणायचे इतकेच; निम्मे वाटेतच जमीन पिऊन टाकी आणि उरलेले गावाला चौथ्या दिवशी मिळे, तेही लहर येईल तेव्हा. शिकलगारांच्या सांधलेपाने हे सगळे बदलले. बोगद्याला, गावातल्या बंद टाकीला आणि गल्लीबोळांतल्या नळ्यांना, पार घराघरातल्या नळाच्या तोंडापर्यंत, त्यांनी एक पातळ लेप दिला. त्या लेपात सांधजीव झोपलेले असत. पाण्याखाली असेपर्यंत ते बिनघोर झोपत. कुठे तडा गेला आणि पाण्याच्या काठाला बाहेरची हवा लागली, की तिथले जागे होत. आधी डिंक सोडत, त्याचा घट्ट खरवस होई आणि शेवटी दगडासारखी चुनखडी. गळती आपली आपण बुजे. वर्षभरात गावाला चोवीस तास पाणी मिळू लागले आणि दोघांचे फोटो पेपरात छापून आले.

"बाई, लेपाला गळती कशी ओळखायची ते मीच शिकवलं," शिकलगार शेवटी म्हणाले. "हवा लागली म्हणजे गळती. एवढंच त्याला कळतं. आज आपण पाहणीसाठी बोगदाच रिकामा केला."

"म्हणजे त्याला काय वाटतंय?"

"की हा सगळा बोगदा एक भली मोठी चीर आहे."

नळ्या कधीच रिकाम्या होणार नाहीत, असे कलम लेपाच्या मागणीपत्रात तिनेच घातले होते. वार्षिक पाहणीसाठी बोगदा कोरडा करावा, हा नियम दुसऱ्या फाइलीत होता आणि त्यावरही सही तिचीच होती. सरकारी कामात डाव्या हाताचे उजव्याला कळत नाही म्हणतात. इथे दोन्ही हात तिचेच होते.

ती वळली आणि सकाळी ज्यातून खाली उतरले होते त्या झाकणाकडे चालू लागली. नंतर ते चालणे पळणे झाले. वाटेत पूर्वी हवेसाठी ठेवलेली धुराडी होती. प्रत्येकात मान वर करून पाहिले तर आभाळाच्या जागी पांढरी बुचे बसलेली. झाकणाच्या शिडीवर चढून तिने खांदा लावला, मग शिकलगारांनी लावला, मग हातोडी मारून पाहिली. आत काही पडू नये म्हणून झाकण लावून घ्यायचे, ही विभागाची शिस्त त्यांनी सकाळी पाळली होती. आता त्याच्या कडेने खरवसाची गोल पट्टी धरली होती आणि हातोडीचा घाव तिच्यात नुसता रुतत होता. बिनतारी यंत्र जमिनीखाली मुकेच. वर कोणी नव्हते. सहायक पोपळे गाडी घेऊन गावात दवंडी द्यायला गेला होता, कारण विभागाकडे कर्णा असलेली गाडी एकच.

शर्वरी शिडीवरून उतरली आणि तिने स्वतःला समजावले, मग शिकलगारांनाही. घाबरण्यासारखे काही नाही. गावची टाकी सकाळी काठोकाठ भरून घेतली आहे, गावाला ती दिवसभर पुरते. पोपळे दुपारी परत येईल, झाकण उघडत नाही म्हणेल, माणसे आणून फोडेल. तोवर बसून राहायचे.

शिकलगारांनी विचारले, टाकी दुपारच्या आत संपली तर?

त्याचे उत्तर तिला ठाऊक होते आणि म्हणूनच ते तिने जरा उशिरा दिले. टाकीच्या तळाशी तळभान बसवले होते. टाकी रिकामी झाली की ते तळ्यावरच्या दाराला कळवते आणि दार आपोआप उघडते. पाणी वाटेतल्या नाल्याच्या खालून जाणाऱ्या खोल वळणातून उसळून या बोगद्यात शिरते. पाहणी चालू असतानाही उघडते का, असे शिकलगारांनी विचारले. हो, ती म्हणाली. मागे टाकी कोरडी राहिली तेव्हा बायकांनी हंडे घेऊन कचेरीला घेराव घातला होता. टाकी रिकामी असताना कोणीही कचेरीत बसून दार बंद करू शकणार नाही, असा कुलूपबंद नियम तेव्हा करून घेतला होता. करून घेणारी तीच. तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या.

दोघे मग बोगद्याच्या गावाकडच्या टोकाला गेले. नाल्यापासून बोगदा गावापर्यंत हळूहळू चढत होता, त्यामुळे ही सगळ्यात उंच जागा. इथे बोगदा संपे आणि छताजवळ जाळीमागून मांडीएवढी जाड नळी गावच्या टाकीकडे निघे. गाळ जाऊ नये म्हणून नळी छताशी. तिच्यातून माणूस जाणे शक्य नव्हते. जाळीखाली दोघे उकिडवे बसले. चपलांचे तळ जमिनीला चिकटू लागले, म्हणून मधून मधून पाय उचलून ठेवावे लागत होते. हवा अडल्यासारखी जड होती.

वेळ काढायला शिकलगार गावाबद्दल विचारू लागले. ते मिरजेचे, प्रयोगशाळेत वाढलेले; चार दिवसांनी पाणी येणे त्यांनी कधी सोसले नव्हते. शर्वरी सांगत गेली. चोवीस तास पाणी आले, तरी गावाची सवय जाईना. घरोघर पिंपे भरलेली, आणि रोज सकाळी ती गटारात ओतायची, का, तर कालचे पाणी शिळे. पाणी शिळे होत नाही हे सांगायला तिने बचतगटांच्या बैठका घेतल्या, पथनाट्ये केली, भिंती रंगवल्या. बायका ऐकत, चहा घेत, छान बोललात म्हणत, आणि घरी जाऊन पिंप ओतत. दुसरी खोड त्याहून जुनी. पाणी जाणार असे नुसते कानावर आले, की घरातले प्रत्येक भांडे भरायचे आणि मग नळ उघडाच ठेवायचा. उघडा ठेवला म्हणजे पाणी येताना आधी हवा फुसफुसते आणि स्वयंपाकघरातून ऐकू येते. नळ बंद करा, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती.

"घरीसुद्धा तेच," ती म्हणाली. "नवरा बदलीवर नागपूरला. घरात मी आणि सासूबाई. अनसूयाबाईंना मी अभियंता आहे हे पटतच नाही. म्हणतात, तुझ्या शिक्षणानं नळाला पाणी येत नाही, कान देऊन बसल्यानं येतं."

हे बोलताना ती हसत होती. हसता हसताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पोपळे काय दवंडी देत फिरत असेल ते तिच्या ध्यानात आले. मजकूर तिनेच लिहून दिला होता. आज पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे.

टाकी दिवसभर पुरते हा हिशेब दवंडी न ऐकलेल्या गावाचा होता. दवंडी ऐकलेले गाव या क्षणी घागरी, बादल्या, पातेली, कुकर, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळे भरत असणार. कालचे शिळे आधी ओतून.

तेवढ्यात डोक्यावरच्या नळीत घळघळले. मोठा माणूस ताकाचा शेवटचा घोट घेतो तसा आवाज झाला, आणि मग त्या काळोखात कुकरची शिट्टी ऐकू आली.

शिकलगारांनी शर्वरीचा दंड धरला. एकामागून एक आवाज येऊ लागले. कुठे टीव्हीवर बातम्या, कुठे पाढे म्हणणारी मुलगी, कुणी मिरच्या महागल्याचे सांगत होते, कुणी खोकत होते. गाव ऐकू येत होते. सगळे धामणवेढे नळीच्या पलीकडे नांदत होते. शिकलगारांच्या डोळ्यांत पाणी आले. शर्वरी मात्र थिजली होती. गाव ऐकू येते म्हणजे नळ्या कोरड्या पडल्या. नळ्या कोरड्या म्हणजे टाकी रिकामी. तळभानाने तळ्याला कळवलेही असेल.

ती जाळीला तोंड लावून ओरडली. आपले नाव सांगितले, आपण बोगद्यात अडकलो आहोत हे सांगितले. एकदम सगळे आवाज थांबले. मग कुठल्यातरी घरात भांडे पडले आणि एक बाई घाबऱ्या आवाजात कुणाला तरी म्हणाली, अगं, नळात खटावकर मॅडम बोलताहेत.

पुढचे काम गावाने चोख केले, हे शर्वरीने मनातल्या मनात मान्य केले. कचेरीत फोन गेले. कचेरीने सांगितले, दार उघडले आहे, इथून बंद होत नाही, नियम आहे. मग पोपळेला पिटाळले. तो तळ्यावर जाऊन दार हाताने फिरवून बंद करणार. घाटाचा रस्ता, त्यात गंजलेला चक्रीदांडा. दार बंद होईपर्यंत तासभर तरी जाणार. हे सारे निरोप वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या आवाजांत नळीतून येत राहिले. आणि मग मागून, खालून, नाल्याच्या बाजूने, एक लांबलचक घरघर ऐकू आली.

पाणी शिरले होते. त्याबरोबर बोगद्यात वारा सुटला. शर्वरीची ओढणी उडून जाळीला चिकटली.

शिकलगारांनी विचारले, किती वेळ? ती म्हणाली, इतके पाणी अर्ध्या तासात इथवर येईल. शिकलगार खाली बसले. आपल्याच लेपाने आपल्याला कोंडावे याची त्यांना लाज वाटत असावी. ते तिची माफी मागू लागले. ती ऐकत नव्हती. ती ओढणीकडे बघत होती. वारा नळीत शिरत होता. का शिरत होता? पाणी हवेला पुढे ढकलत होते आणि हवेला गावातल्या उघड्या नळांतून वाट मिळत होती.

"डॉक्टर, लहानपणी सायकलचा पंप घेऊन खेळलायत? तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला तर काय होतं?"

"अर्ध्यावर अडतो."

"धुराडी बुजलीत. झाकण बुजलंय. मागे नाल्याखाली मोरीसारखं वाकडं वळण आहे, ते पाण्यानं भरलंय, तिकडून हवा परत जात नाही. हवेला एवढी एकच वाट आहे." तिने नळीकडे बोट केले. "नळ बंद झाले तर बोगदा हवा धरेल. तळं आपल्यापेक्षा फार उंच नाही. पाणी अर्ध्या बोगद्यापर्यंत येईल आणि थांबेल. आपण कोरडे राहू."

शिकलगार ताडकन उठले. त्यांना पुढचे तिच्याआधी दिसले. नळांच्या तोंडाशी लेप होता. ओल्या नळातून हवा वाहते आहे, म्हणजे प्रत्येक नळ आता लेपाच्या लेखी गळती. पाव तासात खरवस धरेल. जे लोक बंद करणार नाहीत त्यांचे नळ लेपच बंद करील. उद्या गावाला प्रत्येक नळ छिन्नीने फोडावा लागेल, ते म्हणाले, आणि हे म्हणताना ते हसत होते.

शर्वरीने पुन्हा जाळीला तोंड लावले. जी गोष्ट सांगून तिची जीभ झिजली होती ती तिने आणखी एकदा सांगितली, आणि या वेळी कारणही सांगितले. सगळ्यांनी आपापले नळ घट्ट बंद करा. शेजारी कुलूप असेल तर ते तोडून आतला नळ बंद करा. तळ्याचे दार बंद होईपर्यंत झाकण फोडायला येऊ नका, तिथूनही हवा जाईल. त्यानंतर आमचा आवाज येणार नाही. त्याने घाबरू नका.

गाव मावळू लागले. टीव्ही गेला, पाढे गेले. एका म्हाताऱ्याने जय हरी म्हटले आणि त्याचा नळ कुरकुरत फिरला. एक पोरगी, टाटा मॅडम, म्हणाली. घराघराने आवाज विझत गेले आणि वारा मंद होत गेला. कान दडपू लागले, गिळले की टचकन सुटत. खालच्या अंधारात पाण्याची चकाकी दिसू लागली होती. ती वर सरकत होती, पण आता पायरी चढणाऱ्या दमेकरी माणसासारखी, थांबत थांबत.

शेवटी नळीत काहीच ऐकू येईना. शिकलगारांनी डोळे मिटले. शर्वरीने ओढणीचे टोक जाळीसमोर धरले. ते सरळ खाली लोंबायला हवे होते. ते जाळीकडेच ओढले गेले, आणि तिथेच फडफडत राहिले.

कुठेतरी एक नळ उघडा होता. पाणी अजून चढत होते. दाब वाढलेल्या ट्यूबला एक भोक पुरते, तसे हवेचे होणार. दार बंद होईपर्यंत ती टिकली नसती. पाणी त्यांच्या घोट्यांशी आले तेव्हा शर्वरीने श्वास रोखून कान दिला. नळीतून खुटखुट ऐकू येत होती. कोणीतरी नळात काहीतरी खुपसून खरवस टोकरत होते. धरला की टोकरायचा, पुन्हा धरला की पुन्हा टोकरायचा. फार चिकाटीने चालले होते.

"कोण आहे?"

"मी आहे गं," अनसूयाबाई म्हणाल्या. "दाभण घेऊन बसलेय. हा मेला सारखा बुजतोय. तू काळजी करू नकोस, मी बुजू द्यायची नाही."

पाणी पिंढऱ्यांपर्यंत आले होते, गार, डोंगरातले.

"आई, नळ बंद करा."

"तुझं ऐकलं मी मघाशी. बाकीच्यांनी केलेत ना बंद? आमचा एक राहिला तर काय बुडतंय?"

बुडतंय, असे शर्वरीला सांगता येईना. मग शिकलगारांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती बोलली. तुमच्याच नळातून आमची हवा जाते आहे, पाणी गुडघ्यापर्यंत आले आहे, हे तिने सासूला सांगितले, आणि पलीकडे खुटखुट थांबली.

"मग तू आहेस का नाहीस, मला कसं कळायचं?" अनसूयाबाईंचा आवाज बदलला होता. घरात इतकी वर्षे राहून शर्वरीने तो कधी ऐकला नव्हता. "तू बोलतेस तोवर तू आहेस. नळ फिरवला आणि मग तू... मला कोण सांगणार? मी नुसती बसून राहू?"

"बसून राहा. नळाकडे बघत बसा. त्यातून काही आलं नाही म्हणजे मी आहे."

"आणि आलं तर?"

"तर पाणी येईल, आई."

अनसूयाबाई रडत असाव्यात. नळीतून फक्त श्वास ऐकू येत होता. शर्वरी काही बोलली नाही, कारण ती जितके बोलेल तितका वेळ तो नळ उघडा राहणार होता. पाणी मांड्यांशी आले. अशा वेळी गप्प राहणे तिने आयुष्यात केलेले सगळ्यात अवघड काम होते. तिला त्या बाईशी खूप बोलायचे होते.

"शर्वरी," अनसूयाबाई म्हणाल्या. "शर्वरी गं."

तिने दातांखाली ओढणी धरली आणि उत्तर दिले नाही.

मग नळ फिरल्याचा बारीक आवाज आला. दोनदा, दुसऱ्यांदा जोर लावून, म्हातारीची सगळी ताकद लावून. त्यानंतर नळी नुसती नळी झाली. शर्वरीने दातांतली ओढणी सोडली. तिचे ओले टोक जाळीसमोर सरळ लोंबत राहिले. पाणी तिच्या कमरेशी येऊन थांबले होते. शिकलगारांनी भिंतीवर नखाने रेघ ओढली आणि दोघे त्या रेघेकडे बघत राहिले.

शिकलगार काहीतरी विचारत होते. तिने त्यांना हाताने थांबवले आणि जाळीला कान लावला. पलीकडून काहीही ऐकू येत नव्हते, आणि ती रडत रडत ते ऐकत राहिली.